जीव कशात अडकतो

आमच्याकडं एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं आणि प्राण काही जाईना, की भोवती बसलेल्या बायका कुजबुजायला लागतात, "कशात तरी जीव अडकलाय." मग शोध सुरू होतो. पुण्याच्या नातवाचा आवाज फोनवर ऐकवतात. कुणाच्या हाताला सोन्याचा मणी लावतात, कुणाच्या कपाळाला देव्हाऱ्यातला टाक, कुणाच्या मुठीत घरच्या रानातली माती देतात. मी असे प्रसंग पुष्कळ बघितलेत. माती दिल्यानं प्राण गेला की जायचाच होता म्हणून गेला, ते देव जाणे. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणूस मरायला टेकल्यावर आपण विचारतो, याचा जीव कशात अडकलाय. पण पन्नास वर्षं तो जीव तिथं अडकत होता, तेव्हा कुणी विचारत नाही की बाबा, का अडकतोय. तेव्हा आपण एका शब्दात मोकळे होतो, लोभी आहे.

बायकांच्या बाबतीत तर हा शब्द फारच लवकर तोंडातून निघतो.

माझी धाकटी चुलती, आम्ही तिला नानी म्हणायचो, ती अख्ख्या भावकीत भांड्यांची लोभी म्हणून प्रसिद्ध होती. आमचं माळवदाचं घर. मधल्या खणात भिंतीला लांब फळी होती आणि त्या फळीवर नानीची माहेरची भांडी. हंडा, कळशी, घंगाळ, दोन पराती, तपेल्या, पितळ्या, तांबे, अशी लहानमोठी एकतीस. तिच्या वडलांनी लग्नात दिलेली. प्रत्येक भांड्यावर तिचं माहेरचं नाव तांबटाकडून टोचून घेतलेलं. सासरी आल्यावर तिचं नाव बदललं होतं, त्यामुळं ते जुनं नाव घरात फक्त त्या भांड्यांवरच उरलं होतं. भावकीतल्या लग्नाला एखादी परात मागून नेली आणि ती पोचा पडून परत आली, की नानी तीन दिवस कुणाशी बोलायची नाही. माझी आजी म्हणायची, "हिचा जीव भांड्यात अडकणार. मरताना फळीकडं बघत मरंल."

आम्हा पोरांना मात्र एक गोष्ट समजली होती, जी मोठ्यांना समजली नव्हती किंवा समजून घ्यायची नव्हती. नानी सगळी भांडी एकदम खाली काढून चिंच आणि राखेनं घासायला बसली, की ओळखायचं, घरात आज काहीतरी बोलणं झालंय. सणवार नसताना फळी रिकामी दिसली की आम्ही दंगा न करता रानात पळायचो.

बोलणं ठरलेलं असायचं. नानीला मूल झालं नाही. आजीला वाटायचं, धाकट्याला दुसरी बघावी. एक बायको असताना दुसरी करायची नाही हा कायदा १९५५ सालीच झाला होता. पण आमच्या भागात कायदा रेडिओवर यायचा आणि रेडिओ बंद केला की जायचा. दोन बायकांची घरं गावात तेव्हाही होती. पाहुणा आला, ज्वारीची रास झाली, कुणाच्या घरी बारसं झालं, काही निमित्त झालं की आजी तो विषय काढायची. चुलते गप्प बसायचे. हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. त्यांनी दुसरी केली नाही, आयुष्यात कधी त्या वाटेला गेले नाहीत. पण करणार नाही, असं एकदाही तोंडानं बोलले नाहीत.

अशा घरात वीस-पंचवीस वर्षं काढायची म्हणजे काय, याचा विचार मी पुढं शेतात एकटा असताना बऱ्याचदा केला. आपल्या जागेवर उद्या कुणी येईल का, हे माहीत नाही. विचारावं तर कुणाला? नवरा गप्प, सासू बोलकी, आणि माहेरी वडील वारलेले. मग जे बोलत नाही पण हलतही नाही, ते धरून बसायचं. एकतीस भांडी मोजली की एकतीसच भरतात. माणसं मोजायला गेलं की हिशेब लागत नाही. नानीचं भांडी मोजणं मला तरी पैशाचा लोभ वाटत नाही. पितळ मोडीत घातलं असतं तर त्या काळात असे किती पैसे आले असते?

पुढं जे झालं ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो. शेतकरी संघटनेचा तो काळ. चुलते छातीला लाल बिल्ला लावून सभांना जायचे. गेले होते ते शेतमालाच्या भावासाठी. पण १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला संघटनेचं बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला काही तुकडा बायकोच्या नावानं करायचा. ज्या गावात शंभर जण करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आमच्या गावात आकडा सातावर अडला. त्या सातांत आमचे चुलते एक. घोषणा द्यायला पुढं असणारे बरेच जण त्या दिवशी रानात पाणी धरायला गेले होते.

चुलत्यांनी नानीच्या नावानं दोन एकर केलं. विहिरीजवळचं, चांगलं. गावात हसणारे हसले. "आता बाई दोन एकर पदरात घेऊन माहेरी जाती बघ," असं पारावर बोललं गेलं. नानीनं तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल आणवली आणि माझ्यासमोर धरली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "माझं नाव कुठं हाय? बोट ठिव." मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला करून तिथं आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत फळी रिकामी व्हायला लागली. एका पुतणीच्या लग्नात तिनं घंगाळ दिलं. हंडा माझ्या बायकोला दिला. पराती भावकीत मागायला आले तर म्हणायची, "न्या, आणि ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच." आजी तोवर गेली होती, नाहीतर तिला हे बघून चक्कर आली असती. नानी वारली तेव्हा फळीवर एक तांब्या आणि एक पोचा पडलेली परात, एवढंच होतं. ती कुणीकडं बघत गेली ते मी सांगू शकत नाही, रात्री झोपेत गेली.

आता यावर कुणी म्हणेल, वय झालं की माणूस आपोआप सैल होतो, जमिनीचा काय संबंध? मीही तसं एकदा चुलत्यांपाशी बोललो होतो. तेव्हा नानी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाली, "तुमी आदीच एकदा त्वांडानं बोलला असता, तर कागुद लागला नसता." चुलते तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले.

हे वाक्य मी फार दिवस मनात घोळवलंय. तिच्या म्हणण्याप्रमाणं शब्द पुरला असता. मला खात्री वाटत नाही. शब्द आज दिला, उद्या फिरवला, असं आपण रोज बघतो. कागद फिरवायला निदान कचेरीत जावं लागतं. पण ती म्हणते तेही खोटं नाही. तिला दोन एकरांचं पीक नको होतं. ती त्या रानात वेगळी अशी कधी गेलीही नाही, चुलतेच पेरायचे, माल आडतीला त्यांच्याच नावानं जायचा. तिला पाहिजे होती ती त्या गप्प माणसाच्या तोंडून न आलेली एक गोष्ट. ती कागदावर आली.

आमच्या गावात दर वर्षी सप्ताह असतो. कीर्तनकार महाराज सांगतात, वस्तूत गुंतू नका, माया सोडा. आणि तुकोबांचा दाखला देतात. घरात सावकारीचे कागद होते, धाकट्या भावानं, कान्होबानं, आपल्या वाट्याचे मागून घेतले आणि तुकोबांनी आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले, असं सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. दुष्काळानं गांजलेल्या माणसांची देणी पाण्यात बुडवणारा सावकार आजही कुठं मिळत नाही. पण एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर घरी येताना माझी आई म्हणाली, "बुडवलं त्ये लई चांगलं केलं. पर आवलीला इचारलं व्हतं का?"

आवलीला सगळं जग कजाग म्हणतं. आधी दुष्काळात त्या घरातली थोरली बायको गेली, लेकरू गेलं. मागं राहिलेल्या बाईच्या हातात चूल. तिनं कागद बुडताना बघून आरडाओरडा केला असेल तर त्याला आसक्ती म्हणायचं का? आणि ज्या कान्होबानं आपला वाटा मागून घेतला, त्याला कुठल्या महाराजांनी लोभी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुकोबांच्या मोठेपणाला यानं काही उणेपणा येत नाही, वारकऱ्यांनी रागावू नये. मीही माळकरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की सोडण्याचं कीर्तन मंडपात ज्या पुढच्या रांगेला ऐकवतात, त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी पेटीत सातबारा असतो. ज्याची बैठक पक्की आहे तो सोडू शकतो. मागं बायकांकडं बघून तेच सांगायचं म्हणजे, जिच्या हातात दोरीचं टोकच आहे तिला सांगायचं, सोड.

सोन्याचंही तसंच. जूनमध्ये मिरगाचा पाऊस झाला, बी-बियाणं, खत घ्यायचं, सोसायटीचं कर्ज अजून मंजूर नाही, की शेतकऱ्याची नजर बायकोच्या गळ्याकडं जाते. कुणी सराफाकडं ठेवतो, कुणी बँकेत. आमच्या घरातल्या पाटल्या तीनदा गहाण पडल्या आणि तीनदा सुटल्या. बायको दर वेळी काढून द्यायची, कुरकुर न करता. फक्त म्हणायची, "पावती माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." आणि मग दिवाळीच्या पुढं, तूर निघायच्या सुमाराला, "कवा सोडवायच्या?" गावात पुष्कळ नवऱ्यांना हा प्रश्न ऐकला की राग येतो. "तुला माझ्यापरीस सोनं जास्त का?" असं म्हणतात. मला वाटतं, तिथं ऐकण्यात चूक होते. ती पाटल्यांचं विचारत नसते. मी दिलेलं तुझ्या ध्यानात आहे का, एवढंच विचारत असते. ज्या नवऱ्याला तारीख ध्यानात असते त्याला हा प्रश्न दुसऱ्यांदा येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. तसं बघितलं तर स्त्रीधन बाईचंच, नवऱ्याच्या घरात ठेवलं म्हणून ते त्याचं होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगून ठेवलंय. पण कोर्टाचा निकाल चुलीपाशी पोचायला फार वर्षं लागतात.

हल्लीची नवराबायको मोबाईल धरून बसतात. तो म्हणतो पासवर्ड सांग, ती म्हणते आधी तू सांग. आमच्या नात्यात एका जोडप्याचं यावरून माहेरी जाण्यापर्यंत गेलं. मोबाईल नवा आहे, बाकी फळीवरच्या भांड्यांचाच प्रकार. एकमेकांशी बोलायचं ते राहून जातं आणि वस्तूची झडती सुरू होते.

बहिणींचा विषय मात्र एवढा सोपा नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली साऱ्या देशानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी हक्क जात नाही, हेही सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं. तरी आमच्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन बघा. हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या करायला बहिणी जीपमधून येतात, भाऊ साडी घेतो, हॉटेलात जेवण देतो, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या परत जातात. त्यांना कुणी विचारलं की सही का केली, तर उत्तर ठरलेलं, "भाऊ तुटंल. माहेर बंद हुईल." म्हणजे लाखोंची जमीन सोडायची आणि दिवाळीला चार दिवस येण्याची वाट ठेवायची. आणि तीच बहीण जमिनीवर सही करून घरी आल्यावर आईच्या लुगड्यावरून भावजयीशी भांडते. लोक हसतात, बघा, एकर सोडलं आणि फडक्यासाठी भांडती. हसण्यासारखं काही नाही. लुगड्याची वाकळ शिवता येते. ती अंगावर घेतली की आईच्या घरात आपली जागा होती याचा पुरावा रात्रभर जवळ राहतो. एकराचा पुरावा तिनं दुपारीच देऊन टाकलेला असतो.

आमच्या सातबाऱ्यावर माझ्या दोन्ही बहिणींची नावं आहेत. त्यात माझं काही मोठेपण नाही, आईनं जिवंतपणी सांगून ठेवलं होतं, "पोरींची नावं पुसायची न्हाईत." त्याचा त्रासही आहे. पीककर्जाला, सरकारी मदतीला, प्रत्येक कामाला त्यांची संमती लागते. एक बहीण लातूरला, एक पनवेलला. कागद घेऊन एसटीनं हिंडावं लागतं. पण दर वेळी सहीच्या निमित्तानं मुक्काम होतो आणि बोलणं होतं. धाकटी एकदा म्हणाली, "दादा, आता भांडायला भ्या वाटत न्हाई." त्या दिवशी ती खरंच भांडली, विहिरीच्या खर्चावरून, चांगली तासभर. नंतर जेवायला वाढलं. आईच्या लुगड्यांबद्दल मात्र दोघींनी कधी शब्द काढला नाही; ती अजून ट्रंकेत आहेत.

हे सगळं बायकांचंच असतं असं कुणी समजू नये. बाई नव्या घरात येते तेव्हा तिच्या पायाखाली जमीन नसते; पुरुषाची ती म्हातारपणी जाते. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक गृहस्थ आहेत, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. उसाचा नामांकित शेतकरी. मागं कोण कटकट करत बसणार म्हणून त्यांनी हयातीतच सगळी जमीन मुलांच्या नावानं करून टाकली. स्वतःच्या नावावर एक गुंठा ठेवला नाही. मुलं वाईट नाहीत. जेवण वेळेवर मिळतं, दवाखान्याला नेतात. पण पूर्वी सकाळी चार माणसं विचारायला यायची, "आबा, आज पाणी कुठं धरायचं?" ती आता थेट मुलाकडं जातात. आबांनी एक पत्र्याची पेटी काढली, तिला कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. पेटी खाटेखाली. सुना झाडताना पेटी हलवली तरी त्यांना खपत नाही. घरात कुजबुज, म्हाताऱ्यानं काहीतरी दाबून ठेवलंय.

आईबापांना सांभाळण्याच्या अटीवर जमीन दिली आणि पुढं सांभाळलं नाही, तर ती देणगी रद्द करून घेता येते, असा २००७ चा कायदा आहे. मी त्यांना सांगितला. ते म्हणाले, "पोरं सांभाळत्यात की. कशाची तक्रार करू? मला कुणी इचारत न्हाई, अशी तक्रार कोण घेतं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि कायद्यातही नसावं.

गेल्या पावसाळ्यात पेन्शनच्या अर्जासाठी त्यांचं जुनं रेशनकार्ड लागत होतं. मला म्हणाले, "तू बघ, मला बारीक अक्षर दिसत न्हाई," आणि दार ओढून घेऊन पेटी उघडली. वर कारखान्याच्या ऊस वजनाच्या पावत्या, चाळीस वर्षांच्या, साल लावून दोऱ्यानं बांधलेल्या. त्याखाली त्यांच्या मंडळींचा कुंकवाचा करंडा. तळाला सातबाऱ्याच्या जुन्या नकला, त्यांचं नाव असलेल्या, पंधरावीस तरी असतील. रेशनकार्ड त्यातच सापडलं. बाकी काही नव्हतं. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "पोरांना सांगू नगंस आत काय हाय त्ये. दगडाच्या पेटीची गोष्ट तुला ठावं हाय न्हवं?" आणि हसले.

तेवढ्यात बाहेरून सुनेनं हाक मारली, "मामा, जेवायला वाढलंय." त्यांनी पावत्या परत सालवार रचल्या, करंडा मधे ठेवला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली करदोट्यात खोचून मला म्हणाले, "चल, तूबी चार घास खा."